गळ आमच्याकडे असतो

चि. अनंत यास नंदनवनहून यमुताईचे आशीर्वाद.

तर सडा टाकून झाला होता, चुलीवर पाणी तापत होतं, विहिरीच्या दोन खेपा झाल्या होत्या, आणि तिसरीला निघण्याआधी मी गळ खिळ्यावरून काढून फडक्याने पुसत होते. थांब. पत्र असं मधूनच सुरू करत नाहीत, हे मला ठाऊक आहे. आधी खुशाली विचारायची असते. तुझा खोकला कसा आहे? पुण्याची हवा चांगली म्हणतात, पण तुझ्या घशाला ती कळलेली दिसत नाही. ज्येष्ठमध चघळत जा. चि. सौ. चारुशीलेची कंबरदुखी आता उतरली असेल. तिला म्हणावं, खाली बसून कपडे धुण्यापेक्षा उभ्याने धू, आणि ताईने सांगितलं म्हणून नको, डॉक्टरने सांगितलं म्हणून कर. पोरांना पापे. मी बरी आहे. उजव्या हाताच्या तळव्याला फोड आला आहे, डाव्या पायाचा अंगठा सुजून बटाट्यासारखा झाला आहे, आणि सबंध आळीत माझं हसं झालं आहे. बाकी प्रकृती उत्तम. अंगठा आणि हसं यांचा खुलासा पुढे येईल.

तुझं पत्र पोचलं. तू लिहिलंस, "ताई, तू एकटीने हे सगळं किती दिवस टॅकल करणार? घर बंद कर, किल्ली शेजारी दे, आणि होकार कळव. दोन तिकिटं काढून मी तुला न्यायला येतो." पत्र वाचून मी चहा केला, पुन्हा वाचलं आणि ठरवलं की यायचं. हे मी तुला खरं सांगते, कारण पुढचं वाचून तुला वाटेल की मी पहिल्यापासूनच नाटक करत होते. तसं नव्हतं. मी ट्रंक भरली, डबे रिकामे केले, चिंच, गूळ, शेवया, मुगवड्या सगळं आळीत वाटून टाकलं. दोन वर्षं झाली ह्यांना जाऊन. तेवढ्यात घराने मला कंटाळावं इतपत मी त्याला झाडून पुसून काढलं आहे. म्हटलं, आता भावाचं घर झाडू.

फक्त तो तुझा शब्द मनात राहिला. टॅकल हा शब्द मला नवा नाही रे. माझं इंग्रजी शाळेतलं नाही, खोक्यांवरचं आहे. हे इथल्या सदर भागात त्या खेळाच्या सामानाच्या दुकानात होते तेव्हा घरी रिकामी खोकी आणायचे. त्यांवरची अक्षरं मी भाकरी भाजता भाजता जुळवत असे. दुकानाच्या पाटीवर चेंडू, बॅट आणि त्याखाली 'फिशिंग टॅकल' असं होतं. मी वर्षभर समजत होते की ते मालकाचं आडनाव आहे. (मालक ख्रिस्ती होते, त्यामुळे शंकाही आली नाही.) मग ह्यांनी सांगितलं की मासे धरायची काठी, दोरा, काटा, फिरकी असा सगळा सरंजाम म्हणजे टॅकल. आणि रेल्वेची पोरं फुटबॉल घ्यायला येतात तेव्हा समोरच्याच्या अंगावर जाऊन चेंडू हिसकावण्यालाही तेच म्हणतात. परवा तू पाठवलेला कोश उघडून पाहिला, तर त्यात कप्पीला दोर ओवून ओझं उचलायचं साधनही निघालं, आणि अगदी शेवटी तुझा अर्थ, अवघड काम हाती घेणे. म्हटलं, एवढ्याशा शब्दाच्या पोटात किती सामान आहे, आणि माझी ट्रंक एका लुगड्याच्या घडीने बंद होत नाही.

आता गळाचं सांगते, कारण तू नंदनवनात कधी दोन दिवसांवर राहिला नाहीस, तुला इथली रीत माहीत नाही. आमच्या चार घरांत मिळून एक विहीर आहे. नळाचे पाईप रस्त्याच्या कडेला येऊन पडलेत, पण नळ अजून यायचे आहेत. विहीर म्हटली की बादल्या पडणार, आणि बादली पडली की गळ लागणार. ह्यांनी गावच्या लोहाराकडून घडवून आणलेला चार दातांचा गळ आमच्या ओसरीत खिळ्याला असतो. ज्याला हवा त्याने यावं, आमच्या उंबऱ्यावर एक भांडं ठेवावं आणि गळ न्यावा. भांडं न ठेवता गळ द्यायचा नाही. वाटी ठेवा, पेला ठेवा, तुटक्या कानाची कपबशी ठेवली तरी चालते, पण ठेवायचं. गळ परत आला की भांडं परत जातं, आणि दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत म्हणून मी त्यात काहीतरी घालते. चिंचेचा गोळा, मूठभर बोरं, काही नसेल तर साखरेचे चार दाणे. ह्यांच्या वेळेपासून असंच चालत आलं आहे. हळदीकुंकवाला आता मला कोणी बोलावत नाही. त्यात कोणाचा दोष नाही, रीत आहे, मीही पूर्वी बोलावत नव्हते. पण बादली पडली की सवाष्ण असो नाहीतर कोणी, तिला वाटी घेऊन माझ्याच दारात यावं लागतं.

तर त्या सकाळी मी गळ पुसत होते तो इंदूबाईला कायमचा देऊन टाकण्यासाठी. इंदूबाई म्हणजे विहिरीच्या पलीकडची, तुला आठवत असेल, तुझ्या लग्नात जिने तीनदा श्रीखंड मागून घेतलं आणि गोड फार आहे म्हणाली. तीच सगळ्यांत जवळ, म्हणून तिलाच द्यावा असं ठरवलं. पण गळाच्या कडीला ह्यांनी बांधलेला दोर होता. ते काट्याला दोरा बांधत तशी गाठ, ओढावी तेवढी घट्ट होणारी. दोर पुढे पुढे बदलत गेला पण कडीजवळचा तो हातभर तुकडा मी कधी सोडला नव्हता. तो इंदूबाईच्या घरी जावा असं मला वाटेना. मग मी सुईने, सांडशीने, शेवटी दातांनी ती गाठ सोडवली (पुढचा दात तेव्हापासून हलतो आहे), तुकडा ट्रंकेत ठेवला आणि नव्या दोराला माझी गाठ मारली. माझी गाठ तुला माहीत आहे. तुझ्या मुंजीत लंगोटीची गाठ मीच मारली होती, आणि पुढे काय झालं ते सगळ्या मांडवाने पाहिलं.

मग मी दाराला कुलूप लावलं. तसं कारण काही नव्हतं, विहीर दहा पावलांवर. पण म्हटलं, लावून पाहावं कसं वाटतं ते. पुण्याला निघण्याची तालीम. कसं वाटलं ते लिहीत नाही. किल्लीचा जुडगा गळाच्या एका दाताला अडकवला, म्हणजे गळ आणि घर दोन्ही एकदमच सोपवता येतील, आणि निघाले.

इंदूबाई विहिरीच्या काठावर भांडी घासत होती. मी म्हटलं, हा गळ आजपासून तुझ्याकडे, आणि ही किल्ली. तिने दोराचं टोक मनगटाला गुंडाळून घेतलं आणि सवयीने दुसऱ्या हाताने नुकताच घासलेला पितळी गडू माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, नको, कायमचा देते आहे.

"कायमचा असो का घडीचा असो, गळ घेतला तर भांडं ठेवाच लागते वं."

"अगं पण मी परत कधी देणार? मी पुण्याला चालले."

"मंग पुण्याले ने. लोक गंगा आणते काशीहून, तू माहा गडू दाखव पुण्यात."

आता तू विचार कर. गडू घेतला तर तो भरून परत द्यायला मला पुण्याहून यावं लागणार. नाही घेतला तर इंदूबाई आळीत सांगणार की यमुबाईने गळ भिकेसारखा टाकला. मी गडू तिच्याकडे ढकलला. तिने माझ्याकडे ढकलला. मी गळ पुढे केला, तिने गडू आडवा घातला. ती माझ्याहून चांगली वीतभर रुंद आहे. रेल्वेच्या पोरांनी पाहिलं असतं तर शिट्टीच वाजवली असती. शेवटी तिने गडू माझ्या पोटाशी खुपसला आणि मी गळ तिच्या हातात खुपसला, आणि तेवढ्यात पाय घसरून माझा अंगठा दगडावर आपटला. आधी गडू गेला. मग गळ गेला, किल्लीसकट. खालून दोन आवाज आले, एक बारीक, एक भरदार. इंदूबाईच्या मनगटाला नुसता दोर राहिला, टोकाला माझी गाठ सुटून सरळ झालेली. आम्ही दोघी आत वाकून पाहत राहिलो.

इंदूबाईच पहिली बोलली. "जा वं, गळ घेऊन ये."

मी दोन पावलं ओसरीकडे टाकली सुद्धा. मग आम्हा दोघींनाही कळलं. आणि नेमक्या त्याच वेळी पलीकडच्या घरातली प्रेमिला, नवीनच लग्न होऊन आलेली पोरगी, हातात वाटी घेऊन आली आणि म्हणाली की काल सांजेला तिची बादली पडली, गळ मिळेल का.

पाच मिनिटांत आळी जमली. रुपरावभाऊजी आले. भाऊजी आमच्या आळीतलेच, गिरणीतून निवृत्त झाले आहेत आणि तेव्हापासून आळीत काहीही पडलं, मोडलं, जळलं की सल्ला द्यायला पहिले हजर असतात. ते विहिरीत पाहून म्हणाले, "त्या पाईपवाल्यांपाशी टॅकल हाय, साखळीचं. हत्ती उचलते. आणू का वयनी?" मी म्हटलं भाऊजी, हत्ती पडलेला नाही. कुलूप लागलेलं, घर माझं, आणि मी त्याच्या बाहेर. ओसरीत एकच वस्तू होती, नऊ फूट लांब म्हणून घरात न मावलेली, आढ्याला आडवी बांधून ठेवलेली. ह्यांची मासे धरायची काठी.

तुला ठाऊक आहे, आमच्या घरात मासा कधी शिजला नाही. दुकान बंद झालं तेव्हा मालकांनी आठवण म्हणून ती ह्यांना दिली. बाकीच्या नोकरांनी बॅटी घेतल्या, रॅकेटी घेतल्या. ह्यांनी ती काठी घेतली, कारण इतकी वर्षं ती विकताना हातात धरली होती पण टाकून कधी पाहिली नव्हती. दर रविवारी अंगणात उभे राहायचे, तुळशीपलीकडे डालड्याचा रिकामा डबा ठेवायचा आणि काठी झटकून शिशाचा गोळा त्या डब्यात टाकायचा. टण्ण असा आवाज झाला की आतून मी समजायची, आता चहा मागतील. दोन वर्षांत ती काठी मी खाली घेतली नव्हती. फिरकीला दोरा, दोऱ्याला काटा, काट्याच्या टोकाला बूच, त्यांनी ठेवलं होतं तसंच.

मी बूच काढलं आणि जाणकारासारखी काठी मागे नेली. (विहिरीत काठी झटकावी लागत नाही, दोरा नुसता सोडायचा असतो, हे मला नंतर सुचलं.) काठी पुढे आली तेव्हा काट्याला रुपरावभाऊजींची टोपी होती. भाऊजी डोक्यावर हात ठेवून शांतपणे म्हणाले, "वयनी, आमी जरा मांगं सरतो. तुमी विहिरीतलंच काढा." प्रेमिलाने रुखवतातला मोठा आरसा आणला आणि उन्हाची तिरीप विहिरीत पाडली. पाणी खाली गेलेलं, तळ दिसत होता. माझं असं तिथे काही दिसत नव्हतं, पण आळीतल्या प्रत्येकाचं काहीतरी होतं.

पहिल्यांदा लागली ती पाणी गाळायची पितळी गाळणी. ही गाळणी इंदूबाईची. गेल्या पोळ्यापासून ती सगळ्यांना सांगत होती की ती रुपरावांच्या घरात आहे, फक्त दाखवत नाहीत. गाळणी ठिबकत वर आली. रुपरावांनी ती काट्यातून सोडवली आणि इंदूबाईकडे नुसतं पाहिलं.

"काय पाहून राहिले भाऊजी? गाळणी कधी पाहिली नाई का?"

"पाहिली ना. तुमच्या तोंडून लय वेळा पाहिली."

मग एक चमचा, मग प्रेमिलाच्या बादलीची कडी हाती लागली पण बादली जड, काठी कमान होऊन कुरकुरायला लागली. रुपराव म्हणाले काठी सोडा, दोरा धरा, आणि त्यांनी दोरा विहिरीच्या कप्पीवरून घेतला. तो दोरा मिशीच्या केसाएवढा, पण ह्यांनी दुकानात गिऱ्हाइकांना त्याच्या ताकदीचं सांगितलेलं खोटं नव्हतं. बादली आली. आणि त्याच दोऱ्याने, त्याच कप्पीवरून, प्रेमिला आरसा धरून आणि इंदूबाई माझ्यामागे माझा पदर धरून (मी पडू नये म्हणून म्हणाली, पण ओढत होती चांगलीच), गळ वर आला. तळव्याचा फोड तो.

गळ आला पण दाताला किल्ली नव्हती. मग गळाला दोर बांधून दुपारपर्यंत सगळ्यांनी विहीर ढवळली. गडू निघाला. ज्याचं त्याचं जे हरवलं होतं ते निघालं. किल्ली निघाली नाही. अखेर रुपरावांनी सब्बल आणली आणि कुलूप तोडलं. दार उघडलं तर मधोमध माझी ट्रंक, वर वळकटी, आणि फळीवर रिकामे डबे झाकणं उघडी टाकून. माझ्यामागून सगळी आळी आत डोकावत होती. मला उगाच लाज वाटली, चोरी करताना सापडल्यासारखी.

इंदूबाई म्हणाली, "खरंच चालली का वं?"

मी म्हटलं, हो. भाऊ एकटं राहू नको म्हणतो.

तिने गळ उचलला आणि खिळ्याला टांगला. मी म्हटलं, तुला दिला ना. तर म्हणते, "मले नको वं बाई. माह्या घरी गळ ठेवला तर लोकं बादली विहिरीतच राहू देतीन. माह्याकडून भांडं रिकामं वापस जाते हे काय मले माईत नाई?" आणि गडू माझ्या उंबऱ्यावर ठेवून गेली.

संध्याकाळी दिवा लावायला बाहेर आले तर उंबऱ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. दिवसभर सगळ्यांनी गळ वापरला होता, म्हणून ज्याने त्याने आपापलं भांडं आणून ठेवलं होतं. गडू, प्रेमिलाची वाटी, रुपरावांचा पेला, कोणाचं ताट, कोणाची तपेली. आणि माझ्या घरात त्यात घालायला चिंचेचं बोटूक नव्हतं. साखर सुद्धा मी वाटून बसले होते. तेवढी भांडी पुढ्यात घेऊन मी बराच वेळ बसले. रडले म्हणशील तर थोडी रडले, पण त्याला फोडाचंही कारण होतं. हे असताना मला ह्या सगळ्याचं काही वाटायचं नाही. ते दार उघडायचे, ते भांडं मोजून घ्यायचे, ते गप्पा मारायचे. मी आतून नुसती चिंच द्यायची. आता दार मीच उघडते. तू म्हणशील नळ आल्यावर गळाचं काय काम. तेव्हाचं तेव्हा पाहीन.

तर अनंता, तुझ्या पत्राचं उत्तर असं की तिकिटं इतक्यात काढू नकोस. दुसऱ्यांची भांडी घरात ठेवून गावाला जाणं बरं दिसत नाही. शिवाय दाराला कुलूप नाही, आणि उघडं घर टाकून कोण जातं. तुझ्या मायेवर माझा राग नाही, उलट तू न्यायला येतो म्हणालास हे मी रुपरावांना वाचून दाखवलं. (टॅकल हा शब्द त्यांना फार आवडला. साखळीचंच लिहिलं आहे असं ते धरून बसले आहेत.) चारुशीलेला सांग, ताईचं मन फिरलं म्हणून रुसू नकोस.

तुझी,
यमुताई

ता. क. तू लगेच लिहिशील की ताई, कुलूप बाजारात मिळतं. मिळतं. सदरला दोन दुकानांत पाहून आले. घेतलं नाही.

ता. क. दिवाळीला तुम्ही सगळे इकडे या. पोरांना डालड्याच्या डब्यात शिसं टाकायला शिकवीन, मला येत नाही तरी. येताना पुण्याहून चांगला जाड दोर आण, सुती, वीस-पंचवीस हात. हे सगळं पत्र खरं म्हणजे त्यासाठीच लिहायला बसले होते. त्या नव्या दोरावर आता माझा भरवसा नाही, आणि माझ्या गाठीवर तर आळीत कोणाचाच नाही.

ता. क. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारातून चिंच आणि गूळ आणला आणि सगळी भांडी भरून परत केली. मग ट्रंक उघडली, ह्यांचा दोराचा तुकडा काढून गळाच्या कडीला बांधला, आणि पाणी भरायला गेले.